दुसऱ्या बाजूच्या शेवटी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, देवाजवळही नाही. देवाला माहीत असेलच, तर त्याने इतकी वर्षं गप्प बसायला नको होतं. तुम्ही म्हणाल, मग आताच का? कारण मला राग आला आहे. गेल्या महिन्यापासून तो उतरत नाही. पोळ्या लाटताना येतो, शाळेतल्या वह्या तपासताना येतो, पोरीची वेणी घालताना येतो — आणि पोरगी म्हणते, आई, ओढू नको ना. कुणाचा राग? थांबा. तेच सांगायचं आहे. पण सरळ सांगवत नाही, म्हणून कॅसेटपासून सुरू करते.

कॅसेट इंग्लंडची होती. म्हणजे गाणी तिकडची. कॅसेट आपली साधीच, वर्ध्याच्या बाजारातली कोरी. चौऱ्याऐंशी साल सरत आलं होतं, मी आणि कुंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. सतीश नावाचा मुलगा होता, घर वर्ध्यातच, शिकायला नागपूरला. त्याचा मामा तिकडे राहायचा. मामाने त्याला एका नव्या बँडची पहिलीवहिली कॅसेट पाठवली. चार पोरं, कुठल्याशा पावसाळी शहरातली, मोठ्या कंपनीच्या दारात न जाता लहानशा कंपनीकडून गाणी काढलेली. सतीशने ती माझ्यासाठी उतरवून घेतली आणि रेल्वे फाटकाजवळ सायकल थांबवून माझ्या हातात कोंबली. आमचं तेव्हा तेवढंच होतं. सायकल थांबवायची, चार वाक्यं बोलायची. पण तेवढ्यालाही आमच्या घरात एक नाव होतं, आणि ते नाव चांगलं नव्हतं.

माझे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क. कायम खादी. खोटं बोललेलं त्यांना खपत नसे. आमच्या वर्ध्यात सत्याची काय कमी? भिंतीभिंतीवर लिहिलेलं. आमच्या बैठकीतही चौकटीत लावलेलं होतं, आणि त्याच्या खाली टेपरेकॉर्डर, त्यावर आईने विणलेला रुमाल. त्या टेपवर भजनं आणि नाट्यसंगीत, बाकी काही नाही. तिथे ही कॅसेट लावायची म्हणजे आधी 'कुणी दिली' याचं उत्तर तयार ठेवायचं. माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याची हिंमत नव्हती. हिंमत — हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणून मी ती कुंदाकडे ठेवली.

कुंदा समुद्रपूरकडची. कपाशीचं घर, आईवडील लवकर गेलेले, थोरल्या भावाने वाढवलेली. त्यांच्या अख्ख्या घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. नालवाडीत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी तिने खोली घेतली होती. भाऊ महिन्यातून एकदा एसटीने यायचा, ज्वारीचं पीठ, तिखट, तुरीची डाळ घेऊन. एका वर्षी कापूस बरा झाला, तेव्हा त्याने तिला लहानसा टेपरेकॉर्डर आणून दिला. एकटी राह्यते, करमत नसंन, म्हणाला. तो भाऊ वाईट होता असं समजू नका. मी पुढे जे सांगेन त्याने तुम्हाला तसं वाटेल, आणि तसं वाटलं की मी सुटले. मला सुटायचं नाही.

आम्ही दुपारी प्रॅक्टिकल आटोपून तिच्या खोलीवर जायचो. दार लोटायचं, खाटेवर आडवं व्हायचं, कॅसेट लावायची. पहिल्यांदा ऐकली तेव्हा आम्हाला ती आवडलीच नाही. डिस्को नाही, ढोल नाही, नाचता येईल असं काही नाही. गिटार अशी, की पितळेच्या पातेल्यात कुणी मुठीमुठीने ज्वारी ओतत आहे. आणि गाणारा — तो गातच नव्हता मुळी. रुसून कोपऱ्यात बसलेल्या, जेवायला बोलावलं तरी न येणाऱ्या पोरासारखा कुरकुर करायचा. आम्ही मराठी शाळेतल्या, दहातले दोन शब्द कळायचे. मी कळल्याचं सोंग करायचे. कुंदाला सोंगाची गरज नव्हती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती एकदम उठून बसली आणि म्हणाली, "याले कोणीतरी दुखवलं आहे वं. अन् हा सांगून नाई राह्यला कोणी ते."

त्यानंतर ती कॅसेट जितकी माझी तितकीच तिची झाली. ती त्या चालींवर आपले शब्द बसवायची. मले नाई यायचं, मले नाई जेवायचं, मले कोणी बोलू नका. डोळे मिटून, मान वाकडी करून, अगदी त्याच्यासारखी. मी हसून हसून खाटेवरून खाली यायचे. म्हातारी बाई बाहेरून विचारायची, काऊन वं पोरीहो, काय झालं? काही झालेलं नव्हतं. आम्ही विशीत होतो आणि दुपार आमची होती. एवढंच झालेलं होतं.

आणि दुसऱ्या बाजूच्या शेवटी तो आवाज होता.

शेवटचं गाणं संथ होतं. ते विरलं की थोडा वेळ नुसती खरखर, आणि मग सतीश बोलायचा. रिकामी उरलेली टेप त्याने भरून टाकली होती. माझं नाव घेतलं नव्हतं, आपलंही सांगितलं नव्हतं. "आईकली ना पूर्ण? मंग सांगजो मले कशी वाटली ते. बुधवारी येतो मी. तू नाई आली तरी उभा राहीन." बस. मी ते कितीदा ऐकलं असेल? कुंदा चिडवायची नाही. शेवटचं गाणं संपत आलं की ती गुपचूप उठून पाणी भरायला जायची, तेवढ्यापुरतं मला एकटं सोडून. अशी होती ती. हे सांगतानाही दात आवळले जात आहेत माझे.

आता मूळ गोष्ट. आता खरंच सांगते.

परीक्षेला थोडेच आठवडे होते. भाऊ नेहमीसारखा पीठ-डाळ घेऊन आला. कुंदा कॉलेजात होती. म्हातारीने खोली उघडून दिली, तो वाट पाहत बसला. समोर टेपरेकॉर्डर, त्यात कॅसेट. त्याने बटण दाबलं. दुसरं काय करणार माणूस? आपणच आणून दिलेली वस्तू. गाणी त्याला कळली नसतील, पण त्याने बंदही केली नाहीत. बहीण काय ऐकते ते ऐकत बसला. आणि शेवटी एक पोरगा त्याच्याच बोलीत म्हणाला, बुधवारी येतो मी.

रविवारी सकाळी तो कुंदाला घेऊन आमच्या दारात उभा होता. तिने त्याला खरं सांगितलं होतं, की कॅसेट वंदनाची आहे. वंदना म्हणजे मी. सांगितलं यात तिचं काय चुकलं? तो ओरडला नाही. वडिलांना नमस्कार केला, चपला बाहेर काढल्या, खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसला. म्हणाला, साहेब, मले फक्त एक गोष्ट इचारायची आहे, पण आधी हे आयका. आणि पिशवीतून ती कॅसेट काढली.

वडिलांनी रुमाल बाजूला केला. भावाने सांगितलेली, दुसरी बाजू लावली. त्यांना वाटलं असेल, एखाद-दोन मिनिटांचं काम. पण पुढे पळवायला भाऊ तयार नव्हता. पूर्ण आयका, म्हणाला. तर आम्ही पूर्ण ऐकली. विचार करा — आमच्या त्या बैठकीत, सत्याच्या चौकटीखाली, माझे वडील मांडी घालून, आई स्वयंपाकघराच्या दारात, तो शेतकरी माणूस सतरंजीवर, कुंदा भिंतीला टेकून उभी, आणि मी. आणि तो तिकडचा रुसलेला पोरगा गातोय. आईने मधेच चहा आणला. कुणी कप उचलला नाही. प्रत्येक गाणं मला पाठ होतं. कुठे गिटार थांबते, कुठे तो श्वास घेतो, आता किती उरलं, सगळं. त्याचा मला त्या दिवशी इतका राग आला. तू तिकडे आपलं दुःख गातोस, त्याची कॅसेट निघते, लोक टाळ्या वाजवतात. इथे आम्ही कुरकुर केली तर शिक्षण बंद होतं. पण राग त्याच्यावर काढून काय उपयोग? बटण त्याने दाबलं नव्हतं.

एका गाण्यात — त्यावरच कुंदा आपले 'मले नाई जेवायचं'चे शब्द गायची — तिने माझ्याकडे पाहिलं. ओठांच्या कोपऱ्यात अगदी थोडंसं हसू होतं. म्हणजे तिला खात्री होती. आता हे संपेल, वंदना बोलेल, तिचे बाबा तिला थोडं रागावतील आणि आपण दोघी परीक्षेला बसू. तिला माझी खात्री होती.

शेवटचं गाणं विरलं. खरखर. मग सतीशचा आवाज.

वडिलांनी टेप बंद केला. माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "ही कॅसेट तुझी आहे का?"

मी म्हणाले, "नाही बाबा."

इथे थांबले असते तर? तर मी तुम्हाला सांगितलं असतं की घाबरले होते, एकोणीस-वीस वर्षांची होते, वडिलांचा धाक होता. तुम्हीही मान हलवली असतीत. भीतीने माणूस नाही म्हणतो. पण मी थांबले नाही. कुणीही पुढचं काही विचारलेलं नसताना मी म्हणाले, "कुंदाजवळ पाहिली होती. तिला कुणीतरी दिली, असं तीच सांगत होती."

हे वाक्य कुठून आलं? इतकी वर्षं मी ते उलटंपालटं करून पाहते आहे. ते भीतीचं वाक्य नाही. भीतीला इतकं नीट बोलता येत नाही. मी त्या क्षणी हिशेब केला होता. खेड्यातून आलेली, आईबाप नसलेली, एकटी खोली घेऊन राहणारी मुलगी आणि हेडक्लार्क साहेबांची मुलगी, यात लोक कुणावर विश्वास ठेवतील हे मला पक्कं माहीत होतं. मी ते वापरलं.

कुंदाने मला खोटं पाडलं नाही. कशाच्या बळावर पाडणार होती? ती भिंतीपासून सरळ झाली आणि म्हणाली, "चाल, भाऊ." त्याने उठून माझ्या वडिलांसमोर हात जोडले. "माफ करजा साहेब. तुमच्या पोरीचं नाव खालीपिली मधात आलं." ऐकलंत? त्याने आमची माफी मागितली. आणि माझ्या वडिलांनी ती घेतली. वर म्हणाले, काळजी घ्या, मुलींना एकटं ठेवण्याचे दिवस नाहीत.

ते गेल्यावर आईने थंड झालेला चहा मोरीत ओतला. मला कुणी काही विचारलं नाही.

कुंदा परीक्षेला बसली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिलं, हिंगणीकडे, बोर धरणाच्या अंगाला. मला बोलावणं नव्हतं. मला फर्स्ट क्लास मिळाला. आमच्या रसायनाच्या मॅडम म्हणाल्या, कुंदा असती तर पहिली आली असती. मी हो म्हणाले. सतीशने विचारलं, कुंदा काऊन दिसून नाई राह्यली? मी म्हटलं, लग्न जमलं तिचं. कॅसेट कुठे आहे? तिच्याच सामानात गेली. किती सोपं असतं एकदा सुरुवात झाली की.

दोन वर्षांनी सतीशला नोकरी लागली आणि रीतसर, वडीलधाऱ्यांना घेऊन तो आमच्याकडे मागणी घालायला आला. त्याच बैठकीत. वडिलांनी नाव-गाव विचारलं, तो बोलू लागला, आणि वडिलांचा कप ओठांपाशी थांबला. मी पाहत होते. ते त्याच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. त्यांना आवाज कळला होता. एका वाक्यात कळला होता. मी वाट पाहिली — आता बोलतील, आता चौकटीकडे बोट दाखवतील. वडिलांनी कप खाली ठेवला आणि सतीशला विचारलं, "चहात साखर बरोबर आहे ना?"

लग्न झालं. चांगलं झालं. वडिलांनी ही गोष्ट कधी काढली नाही, मीही नाही. त्या दिवसापासून त्यांनी खादी नेसली की माझ्या अंगाची आग होते. पण त्यांच्यावर रागावायचा हक्क मला कुणी दिला? त्यांनी फक्त माझंच खोटं सांभाळून ठेवलं.

आता उरलेलं सांगते. खरी गोष्ट इथे आहे, आणि हे मी स्वतःशीही मोठ्याने बोललेली नाही.

गेल्या वर्षी शाळेची सहल घेऊन आम्ही बोर धरणावर गेलो होतो. परत येताना हिंगणीच्या स्टँडवर गाडी थांबली. मुलं पाणी प्यायला उतरली, आणि हापशावर कुंदा होती. डोक्यावर पदर, कडेवर एक पोरगं. वाळली होती. मला वाटलं ओळख दाखवणार नाही. तिने हापशाचा दांडा सोडला, हात पदराला पुसले आणि सरळ माझ्यापाशी आली. सुखात आहेस ना, विचारलं. किती मुलं, विचारलं. नवरा काय करतो — मी सतीशचं नाव सांगितलं. तिने मान हलवली. चांगलं झालं, म्हणाली. टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

सोबतच्या बाई मुलांना गाडीत बसवत होत्या. कुंदा जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "वंदे, एक काम करशील? भाऊनं लग्नानंतर मले घरी नाई बोलावलं. दिवाळीले बी नाई, राखीले बी नाई. तू एकडाव जाऊन त्याले खरं सांगजो. माह्यं त्यानं नाई आयकलं. तुह्यं आयकंन."

मी म्हणाले, "सांगते. नक्की जाते."

ती एवढ्यावर खूश झाली. गाडी सुटली तेव्हा तिने पोराचा हात धरून हलवला.

मी गेले का? समुद्रपूरला जायला वर्ध्याहून रोज गाड्या आहेत. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं. पहिल्या आठवड्यात म्हटलं, परीक्षा आहेत. मग म्हटलं, उन्हाळ्यात. मग पोरीला गोवर निघाला. मग वडिलांचं डोळ्याचं ऑपरेशन. प्रत्येक कारण खरं होतं, आणि एकही कारण नव्हतं. भावाला सांगायचं म्हणजे सतीशला कळणार, की त्याच्या चार वाक्यांनी एका मुलीचं माहेर तुटलं आणि बायकोने ते तोडू दिलं. माझ्या घरात थोडा गारवा आला असता, एवढंच ना? त्या गारव्याला मी घाबरले. तेव्हा वडिलांना घाबरले होते, आता कुणालाच घाबरायचं कारण नव्हतं. तरी गेले नाही.

गेल्या महिन्यात नालवाडीची ती म्हातारी बाई बाजारात भेटली. कुंदाचा भाऊ गेला, म्हणाली. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागला. कुंदा धावत गेली होती, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. वहिनीने तिला आत घेतलं. दहा वर्षांत पहिल्यांदा ती त्या घरात गेली आणि ज्याच्यासाठी गेली तो नव्हता. म्हातारी म्हणाली, लई रडली वं बिचारी, भाऊ भाऊ म्हणून.

मी भाजी घेतली. पैसे दिले. घरी आले आणि स्वयंपाक केला.

तो माणूस आपली बहीण तशीच होती असं समजून मेला. जी त्याने आईबापामागे वाढवली, जिच्यासाठी डोक्यावर पीठ वाहून आणलं, तिच्याबद्दल तो मनात तेच घेऊन गेला जे मी त्याला सांगितलं होतं. आता खरं कुणाला सांगू? ज्याला सांगायचं होतं तो ऐकायला नाही. तिला काय सांगू — गेले नाही म्हणून? तिला ते माहीत आहे. भावाचं बोलावणं आलं नाही, तेव्हाच कळलं असेल तिला.

कुणी मला म्हणू नका, की वय लहान होतं, काळ तसा होता, समाजच तसा आहे. समाज माझ्या तोंडातून बोलला नाही. बैठकीत बोलले ती मी होते. आणि हापशावर तिच्यासमोर उभी राहून सांगते म्हणाले तेव्हा माझं वय लहान नव्हतं, आणि काळही माझ्याच हातात होता, एका वर्षाचा.

मी सांगते म्हणाले, आणि सांगितलं नाही.